तासाभराची सांगली

आष्ट्याच्या दवाखान्याची गाडी चालवणाऱ्या सिदूच्या जिवाला जरा घोर लागला, की पोटात मुरडा उठायचा. डॉक्टर म्हणायचे, "आतडी ठणठणीत आहेत, सिदू. ताक पी अन् काळजी सोड."

एके दिवशी अडलेल्या बाळाबाईला गाडीत घातलं आणि सिदूच्या पोटानं डाव साधला. बाईला तशी कळवळत ठेवून रानात पळायचं कसं? दात आवळून त्यानं गाडी अशी पिटाळली, की तासाभराची सांगली अर्ध्या तासात आली. बाई आणि बाळ, दोघंही वाचली.

सत्काराचा हार घालताना नगराध्यक्ष आप्पासाहेब गहिवरले, "सिदू, केवढी रं तुला पेशंटची कळकळ!"



"आवं आप्पासाहेब, कळकळ कसली? एकच कळ हुती, पण सांगलीपातूर थांबली न्हाई!"