उरलेले भाग

मुलाच्या दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. आईला सांभाळू, बहिणीला शिकवू, सगळं बोलून झालं. शेवटी ‘घोडा झालास तरी कार्टून बघतोस’ म्हणणारे त्याचे वडील गजाननराव कोरड्या आवाजात म्हणाले, “तुझी ती जपानी रोबोटची मालिका मी पुरी बघेन.”

कावळा शिवला.

सुतक फिटल्यावर मुलाची मैत्रीण इरा लॅपटॉप घेऊन आली. “काका, चाळीस वर्षं चाललीय ही. सुरुवात कुठून करायची यावरच लोक भांडतात. तो थांबला तिथून लावू? थोडेच भाग उरलेत.”

“पहिल्यापासून लाव.”

“रोज एक भाग बघितला तरी तिथवर पोचायला दोन वर्षं जातील.”

“जाऊ देत.” त्यांनी खुर्ची ओढली. “तोवर तो माझ्या पुढेच असेल.”