जास्वंदीच्या पट्ट्या

शंभूराजच्या पत्राला गंगाधर सरांनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं.

कोरोनामुळे शाळा बंद होत्या आणि कोयनानगरला मोबाईलची रेंज धड नसे. म्हणून निवृत्त सरांनी सांगलीहून तिथल्या नववीच्या मुलांना टपालाने पेट्या पाठवल्या होत्या. आत बिनसुईची सिरिंज, थेंब टाकायला औषधी गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि जास्वंदीच्या रसात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या. लिंबाच्या रसात पट्टी गुलाबी होते, चुन्याच्या निवळीत हिरवी.

शंभूराजने दोन्ही पट्ट्या पत्रालाच चिकटवल्या होत्या. 'मला दोन्ही सारख्याच दिसतात. घरी सगळे हसतात. आबा म्हणतात, सायन्स तुझं काम नव्हे. सर, माझं काय चुकलं?'

"रस शिळा होता का गं?" सरांनी पत्र बायकोपुढे धरलं.

अनसूयाबाईंनी चष्मा लावला. "शिळा कसला? ही गुलाबी, ही हिरवी. चांगल्या ठसठशीत आहेत. तुम्ही पाहिल्या नाहीत का?"

"पाहिल्या."

"मग लिहा तसं. बत्तीस वर्षं पोरांकडून रंग वदवून घेतलेत, एकदा स्वतः सांगितलात तर काय बिघडेल?"

निरोपसमारंभात मुलंही तेच बोलली होती. सर आम्हाला विचारल्याशिवाय फळ्यावर रंग लिहीत नसत, त्यांनी आम्हाला बघायला शिकवलं. सर तेव्हा मान खाली घालून बसले होते.

त्यांनी 'पुन्हा करून बघ' असं लिहिलं आणि फाडलं.

सोमवारी शंभूराजच्या आईचा, क्रांतीचा, पाटणच्या बाजारातून फोन आला.

"सर, त्यानं पेटी माळ्यावर टाकलीया. मी ढ हाय म्हनतो. सायन्स घ्यायचंच न्हाई म्हनतो. तुमी येक ओळ लिवा, चूक त्येची का पेटीची."

"पेटीची नाही."

"मग त्येचीच म्हना की."

सरांनी समोरचं पत्र पालथं ठेवलं.

"रेंज गेली जनू," म्हणून तिनं फोन ठेवला.

दुपारी सर पोस्टात गेले. खिडकीमागच्या नाथाजीने कागद पाहिला. "एका ओळीला पाकीट कशाला, सर? कार्डावर भागंल की."

"पाकीटच दे."

पाकीट चिकटवून ते टपालपेटीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी ते आत सोडलं.

'चि. शंभूराज, मलाही दोन्ही सारख्याच दिसतात.'