उजेडाच्या उलट

पडद्यावर डावीकडे दिवा लागला आणि माकडाने नजर उजवीकडे वळवली. बक्षीस म्हणून फळाच्या रसाचा थेंब नळीतून त्याच्या तोंडात पडला. नजर वळायच्या क्षणभर आधी, त्याच्या मेंदूतल्या तारेला जोडलेल्या स्पीकरमध्ये बारीक तडतड झाली होती.

"ऐकलंस?" संशोधक बहीण भावाला म्हणाली. "या याच्या कपाळामागच्या पेशी. दिवा दिसला की डोळे आपसूक तिकडे धावतात. या त्यांना आवरतात. या गप्प राहिल्या की गडी चुकलाच."

दादा माकडाकडे टक लावून बघत राहिला. अपघातात कपाळाला मार बसल्यापासून मनात येईल ते त्याच्या हातून होऊन जायचं. काल दूध सांडल्याचं निमित्त झालं आणि त्याने लेकीच्या थोबाडीत मारली. हात खाली यायच्या आत स्वतःच ढसाढसा रडायला लागला. आज वहिनी बॅग भरूनच आली होती. याला स्वतःला थांबवता येतं एवढं दाखवा, नाहीतर मी पोरीला घेऊन निघते, असं तिने नणंदेला सांगितलं होतं. आता ती दारात उभी होती. पोर तिच्या मागे दडलेली.

बाहेरच्या माणसांना प्रयोगशाळेत आणायची बंदी होती. बाकीचे सगळे जेवायला गेले होते, तेवढ्यात बहिणीने दादाला शेजारच्या पडद्यासमोर बसवलं. दिवा लागेल त्याच्या उलट बघायचं, हा नियम त्याने न अडखळता म्हणून दाखवला.

दिवा लागला. डोळे दिव्याकडे गेले. पुन्हा लागला, पुन्हा तेच. तिने दिवा मंद केला, वेळ वाढवली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाई करू नकोस, दादा."

"मी कुठे घाई करतोय, चिमे? नियम मला पाठ आहे. डोळेच माझ्या आधी जातात."

मेलेल्या पेशी परत बोलत्या करणं अजून कोणालाच जमलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने पुन्हा बटण दाबलं. आणि पुन्हा.

वहिनीने बॅग उचलली.

"एकदाच," दादा म्हणाला. "पोरीला बघू दे."

डावीकडे दिवा लागला. दादाने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं गच्च धरलं आणि सगळा जोर लावून उजवीकडे वळवलं. मान वळली. डोळे दिव्यावरच होते.