आत कोणी नाही

बियाण्याच्या गोदामात कोण गेलंय, याची एकच यादी गेटवरच्या आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसायची. त्या संध्याकाळी गेटवर हमाल पुंजारामचं नाव होतं आणि ऑफिसात यादी रिकामी.

"गेटवर जुनीच यादी अडकलीय," म्हणत मी ती पुसून ऑफिसातली चढवली. दोन्हीकडे 'आत कोणी नाही' आलं. मग कीड मारायला विषारी गॅस सोडून गोदामाचं दार सील केलं.

सकाळी बदनापूरहून पुंजारामची बायको सगुणाबाई आली. "आमचे मालक रात्री घरी आले न्हाईत."

"ते आत नाहीत, बघा." मी गेटवरचा स्क्रीन तिच्याकडे वळवला.

ती गोदामाच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे बघत होती.

"ह्या चपला त्यांच्याच हायेत. बियाणं म्हंजे लक्ष्मी. चपला घालून ते आत जात न्हाईत."