चिमटा कुणाच्या हाती

लाँग वीकएंडला सगळा गोतावळा ऑस्ट्रेलियात, टूवूम्बाला आमच्या घरी जमला, आणि आईला नेमका तेव्हाच अडगळीतला जुना कॉम्प्युटर आठवला. ती बाबांना म्हणाली, "डेस, मुलींच्या लहानपणीचे फोटो त्यातच अडकलेत. सगळे जमलेत तोवर चालू कर ना रे!"

बाबा खूश. स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांनी मागची शेड गाठली. जाताना बार्बेक्यूचा चिमटा धाकट्या जावयाच्या, ट्रेव्हच्या हाती दिला, तोही बजावून, "मी येईपर्यंतच हं!" आमच्याकडे घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातून चिमटा काढून घ्यायची कुणाची टाप नसते. त्याने आपणहून दिला तर गोष्ट वेगळी.

शनिवारभर बाबा शेडमध्ये, आणि आम्ही ट्रेव्हने भाजलेली सॉसेजेस पावात घालून बोटं चाटत होतो. रविवारी दुपारी आरोळी आली, "चालू झाला! चालू झाला!" आम्ही शेडच्या दारात जमून टाळ्या पिटल्या. बाबांनी पँटला हात पुसले आणि ते थेट बार्बेक्यूपाशी आले. "ट्रेव्ह, आण तो चिमटा. आता खा म्हणावं खरं सॉसेज!"

टाळ्या थांबल्या. गेल्या खेपेला बाबांनी भाजलेलं सॉसेज आमच्या कुत्र्यानेसुद्धा खड्डा खणून पुरून टाकलं होतं.

 

तेवढ्यात एप्रनच्या खिशात एक काळी वायर कोंबत आई शेडमधून बाहेर आली.

"अरे डेस, पुन्हा बंद पडला की रे!"