उपयोग झाला का?

"आजपासून या इमारतीतलं अज्ञान संपलं!" अधीक्षकांनी जाहीर केलं आणि रुग्णालयाच्या दारातल्या नव्या माहिती-यंत्राच्या पडद्यावर बोट टेकवलं. पडद्याने विचारलं, आपण गरोदर आहात का? अधीक्षकांनी घाईत 'हो' दाबलं. यंत्राने त्यांचं अभिनंदन केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

समोरच्या चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी वाजवल्या नाहीत. महिनाभरात यंत्र लोकांना पसंत पडलं, तर त्यांची खिडकी बंद होणार होती. एकवीस वर्षं त्या तिथून ताप, खोकला आणि एक्स-रेचा जिना समजावत होत्या.

दुसऱ्याच दिवशी तो माणूस आला. गळ्यात निळी फीत, पण फितीला ओळखपत्र नाही. रोज दहाला यायचा, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट टेकवायचा आणि वहीत रेघ ओढायचा. पुन्हा बोट, पुन्हा रेघ. वाचायचा मात्र काही नाही.

"वरच्या कचेरीचा माणूस आहे," बाई रखवालदाराला म्हणाल्या. "यंत्र किती जण वापरतात, ते मोजतोय."

"पण बाई, वापरतो तो एकटाच."

"म्हणजे खोटे आकडे भरतोय! माझ्या मुळावर उठलाय मेला."

बाईंनी उपाय सुरू केले. "पडद्यावर फार जंतू असतात हं," असं त्याच्या कानावर घातलं. त्याने रुमालाने पडदा पुसला आणि बोट टेकवलं. मग त्यांनी पंख्याचं तोंड फिरवलं. तो घाम टिपत रेघा ओढत राहिला. हल्ली तर त्याचा एक गाल फुगलेला दिसायचा. हसू दाबतोय, बाईंची खात्रीच पटली.

महिन्याचा शेवटचा एक दिवस उरला, तेव्हा बाई खिडकी सोडून बाहेर आल्या. जेवणाच्या सुट्टीआधी, एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

"कोणी पाठवलंय तुम्हाला? खरं सांगा."

"हळू बोला, ताई." त्याने आजूबाजूला पाहिलं आणि जरा बाजूला सरकला. पडद्यावर प्रश्न होता, या माहितीचा उपयोग झाला का? त्याने 'नाही' दाबलं आणि रेघ ओढली. "आजचे सत्त्याण्णव. पलीकडच्या रुग्णालयात माझीही खिडकी होती. तिथे मला हे सुचायला उशीर झाला."

बाईंनी वाकून त्याच्या वहीतल्या रेघा पाहिल्या.

"एक विनंती होती," तो गालाला हात लावत म्हणाला. "उद्या मला दाढ काढायचीय. तेवढं उद्याचं तुम्ही दाबाल का?"