बेटावरचं घर

अठ्ठ्याण्णव साली टोकावड्याच्या अनितानं नवऱ्याच्या मागे लागून अंदमानात, आपल्या भावाशेजारी, घर घ्यायला लावलं. मध्ये एवढा समुद्र असला की सासू काही तिथवर पोचत नाही, असा तिचा सरळ हिशोब होता. पण सामान बांधून होण्याआधीच म्हातारी वारली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. नवरा बारकू हात जोडून म्हणाला, "आये, ता घर विकतो. आमी कुठं जात नाय." कावळे झाडावरच. नणंदेनं म्हातारीची गाय सांभाळायचा शब्द दिला, भावकीनं देवळाला घंटा कबूल केली. ऊन डोक्यावर आलं.

"वयनी, आता तूच बोल कायतरी," नणंद म्हणाली. "सगली उपाशी हायत गो."

अनिता खाली मान घालून पुटपुटली, "बरं आई, तुमीपण चला आमच्यासंगं."

कावळा झेपावला. पिंडाला चोच लागली तशी भावकी हसत घराकडे वळली. अनिताही उठायला गेली.

 

म्हसाच्या जत्रेत म्हातारी माणसं चुकू नयेत म्हणून धरतात, तसा तिचा पदर मागून कुणीतरी घट्ट धरला होता.